मुंबईची भरणी आणि दख्खनचें कर्ज

सुपें हें गांव मराठी माणसाला ठाऊक असतें तें शहाजीराजांच्या जहागिरीमुळें. पुणें-सुपें अशी ती जोडनांवाची जहागीर. परंतु इतिहासांत या गांवाची दुसरीही एक नोंद आहे, आणि ती कोणी फारशा अभिमानानें सांगत नाहीं. १२ मे १८७५ हा सुप्याच्या आठवड्याच्या बाजाराचा दिवस होता. आसपासच्या खेड्यांतून जमलेले कुणबी त्या दिवशीं सावकारांच्या दुकानांवर आणि घरांवर तुटून पडले. दाणागोटा व कापड लुटलें गेलें हें खरें. पण जमावाचा रोख मालावर नव्हता. त्याला हवे होते कागद. कर्जखतें, गहाणखतें, चोपड्या, कोर्टाचे हुकूमनामे जेथें सांपडले तेथें त्यांची भर रस्त्यांत होळी झाली. ज्या सावकारानें कागद मुकाट्यानें पुढें केले त्याच्या अंगाला बहुधा कोणीं बोट लावलें नाहीं. पुढील कांहीं आठवड्यांत पुणें आणि नगर या दोन जिल्ह्यांतील अनेक गांवीं हाच प्रकार घडला.

लिहितां-वाचतां न येणाऱ्या माणसाचा कागदावर इतका राग कां असावा, याचें सबंध उत्तर सुप्याच्या बाजारांत सांपडत नाहीं. त्यासाठीं दहा वर्षें मागें जावें लागतें आणि घाट उतरून मुंबईस यावें लागतें. कारण मुंबईनेंही दहा वर्षांपूर्वीं असेच कागद पाहिले होते, आणि त्यांची किंमत पाहतां पाहतां मातीमोल झाली होती. ते कागद कोणाला जाळावे लागले नाहींत.

अमेरिकेंत १८६१ च्या एप्रिलमध्यें उत्तर आणि दक्षिण संस्थानांत युद्ध पेटलें. उत्तरेच्या आरमारानें दक्षिणेचीं बंदरें कोंडलीं, लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकेचा कापूस मिळेनासा झाला, आणि विलायतेचे व्यापारी हिंदुस्थानकडे वळले. खानदेश, वऱ्हाड, गुजराथ, धारवाड या मुलखांतील कापूस मुंबईच्या बंदरांतून बाहेर जाई. युद्ध चालू असेपर्यंत, नेहमींच्या किमतीच्या वर म्हणून जो पैसा या शहरांत आला, तो सत्तर कोटि रुपयांहून अधिक असावा असा अदमास मागाहून करण्यांत आला. गाद्या-उशा उसवून लोकांनीं आंतला कापूस बाजारांत नेला, अशा गोष्टी त्या दिवसांविषयीं सांगितल्या जात.

आतां एवढ्या पैशाचें करावयाचें काय? कारखानदारी बाल्यावस्थेंत होती; मुंबईची पहिली कापडाची गिरणी सुरू होऊन जेमतेम आठ-दहा वर्षें झालीं होतीं. मग पैशाला वाट सांपडली ती कंपन्यांची. १८६५ च्या जानेवारींत मुंबईंत ३१ बँका आणि समुद्र भरून जमीन करण्याच्या व तत्सम उद्योगाच्या ८ कंपन्या उभ्या होत्या, आणि त्यांतील बहुतेकींचें अस्तित्व शेअरच्या कागदापलीकडे फारसें गेलें नव्हतें.

जागेची गरज खोटी नव्हती, हें येथें मान्य केलें पाहिजे. १८६४ सालच्या शिरगणतींत मुंबईची वस्ती ८,१६,५६२ भरली. एवढीं माणसें अरुंद बेटावर, बिनगटाराच्या गल्ल्यांतून, कोंदट खोल्यांत दाटीवाटीनें रहात होतीं. गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांनीं जुन्या किल्ल्याचे तट पाडण्याचें काम हातीं घेतलें तें याच सुमारास. बॅकबेची पश्चिमेकडील उथळ खाडी भरावी, बडोद्याकडून येणाऱ्या रेल्वेला जागा द्यावी आणि उरलेल्या जमिनीवर शहर पसरूं द्यावें, ही कल्पना मुळांत वावगी म्हणतां येत नाहीं. पण भरती-ओहोटीच्या पाण्याखालीं असलेल्या त्या चिखलाचा भाव जेव्हां रोज संध्याकाळीं वाढूं लागला, तेव्हां चिखल भरण्याची घाई कोणासच उरली नाहीं. बॅकबे कंपनीचा पांच हजार रुपये भरलेला शेअर लिलावांत पंचवीस हजारांच्या वर गेला. प्रेमचंद रायचंद यांच्या शब्दावर बँका कर्ज देत, त्या कर्जाच्या पैशावर शेअर घेतले जात, आणि तेच शेअर तारण ठेवून पुन्हां नवें कर्ज निघे. यांत व्यापारी होते तसे वकील, कारकून, सरकारी अंमलदारही होते.

१८६५ च्या एप्रिलांत दक्षिण संस्थानांच्या सेनापतीनें शरणागति पत्करली. ती बातमी मुंबईस पोंचतांच कापसाचा भाव कोसळला. वायद्याच्या असंख्य सौद्यांची मुदत १ जुलै १८६५ ही ठरलेली होती, आणि त्या दिवशीं देणें चुकतें करूं शकणारा माणूस शोधून काढावा लागला. पेढ्यांमागून पेढ्या बसल्या. सरकारचा ज्यांत भाग होता ती जुनी बँक ऑफ बाँबे बहुतेक सारें भांडवल गमावून १८६८ सालीं मिटली. १८७२ च्या शिरगणतींत शहराची वस्ती ६,४४,४०५ इतकीच आढळली. आठ वर्षांत सुमारें पावणेदोन लाख माणसें कमी. तेजीच्या दिवसांत कामाच्या आशेनें आलेलीं माणसें आल्या वाटेनें परत गेलीं होतीं.

मात्र या पडझडींत सरकार हातावर हात ठेवून बसलें नाहीं, आणि ही गोष्ट पुढें सुप्याकडे परततांना ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. १८६५ सालींच, म्हणजे संकट आलें त्याच वर्षीं, एक खास कायदा पसार झाला. दिवाळखोरीच्या कोर्टाची लांबण टाळून बुडालेल्या व्यापाऱ्यांच्या देण्याघेण्याचा निकाल लावण्याची सोय त्यानें करून दिली. एल्फिन्स्टन कंपनीनें पूर्वेच्या बंदरालगत खरीखुरी भरणी केली होती. ती सरकारनें १८७० सालीं विकत घेतली. बॅकबेच्या कामाचा जो चिंचोळा पट्टा तयार झाला होता त्यावरून आगगाडी धांवूं लागली. प्रेमचंदांनीं तेजींत दिलेल्या देणगींतून विश्वविद्यालयाचा राजाबाई मनोरा १८७८ मध्यें पुरा झाला, आणि स्वतः प्रेमचंद सर्वस्व गमावूनही पुन्हां उभे राहिले. मुंबईचें असें आहे. ती बुडते तेव्हांही तिच्या मागें कांहीं इमारती उरतात.

घाटावर काय उरलें? येथें एक गैरसमज दूर केला पाहिजे. कापसाचा भाव पडला म्हणून कापूस पिकविणाऱ्यांनीं दंगे केले, असें सरळ समीकरण पुष्कळदां मांडलें जातें. तें तसेंच्या तसें खरें नाहीं. सुपें, शिरूर, इंदापूर या कोरड्या तालुक्यांत कापूस फारसा नव्हता; तेथें बाजरी आणि ज्वारी. तेजी तेथें पोंचली ती वळसा घेऊन. धान्याचे भाव चढले. बोरघाटांतील रेल्वेचें काम १८६३ पर्यंत चाललें. त्यावर मजुरी मिळाली, गाडीवानांना भाडें मिळालें. कुणब्याच्या हातीं नाणें खेळूं लागलें, आणि ज्याच्या हातीं नाणें आहे त्याला कर्ज देण्यास सावकार नेहमींच तयार असतो. विहिरी झाल्या, बैल आले, लग्नें थाटांत झालीं. मग मुंबईची गादी आटली तशी तिच्या जोरावर चालणारी खालची सावकारीही आटली. रेल्वेचें काम संपलेलें होतें, आणि जी रेल्वे बांधली तिनेंच लांबच्या वाटेवरील बैलगाडीचा धंदा मारला. धान्याचे भाव उतरले.

नेमक्या याच वेळीं जमिनीची फेरपाहणी आली. इंदापूर तालुक्यांत गोल्डस्मिड यांनीं १८३६ सालीं जी तीस वर्षांची आकारणी बसविली होती, तिची मुदत संपली; नवा सारा ठरला तो तेजीच्या वर्षांचे भाव डोळ्यांपुढें ठेवून, आणि वसूल होऊं लागला तो मंदीच्या वर्षांत. वाढ इतकी जाचक होती कीं १८७४ मध्यें सरकारला स्वतःच तिला मर्यादा घालावी लागली. पुण्याच्या सार्वजनिक सभेनें या प्रश्नाची चौकशी त्याआधींच चालविली होती.

आणि मग कागद. १८५९ च्या मुदतीच्या कायद्यानें साध्या कर्जाचा दावा तीन वर्षांच्या आंत आणला पाहिजे असें ठरलें. हेतु कर्जदाराच्या संरक्षणाचा, फळ उलटें. सावकार दर तीन वर्षांनीं मुद्दल आणि व्याज एकत्र करून नवें खत लिहून घेऊं लागला. दरमहा शेंकडा दोन रुपये हा दर त्या काळीं कोणास असामान्य वाटत नसे. त्या दरानें घेतलेले शंभर रुपये तीन वर्षांनीं १७२ होतात; त्यांचें नवें खत केलें कीं सहा वर्षांनीं २९६ च्या घरांत जातात, आणि नवव्या वर्षीं पांचशेंच्या वर. यांत लबाडीची गरजच नाहीं. लबाडी असेल ती निराळी. कुणब्यानें अंगठा उठविला कीं कोर्ट अंगठ्याकडे पाही, त्या मागच्या व्यवहाराकडे पाहण्याची त्याला मुभा नव्हती. मुंबईच्या शेअरचा फुगा वाऱ्यानें फुगला आणि फुटला. दख्खनचा रोखा नुसत्या बेरजेनें फुगत गेला आणि तो फुटण्याची तरतूद कायद्यांत नव्हती.

१८७४ च्या अखेरीस शिरूर तालुक्यांतील करडें गांवीं एका सावकारानें दीडशें रुपयांच्या हुकूमनाम्यावरून एका देशमुखाचें घर मिळविलें आणि तें पाडावयास काढलें. तेव्हां गांवानें सावकारांवर बहिष्कार घातला. न्हाव्यानें दाढी करूं नये, कोणीं पाणी भरूं नये, शेत कसूं नये. करड्याची ही रीत शांततेची होती. ती एका गांवाहून दुसऱ्या गांवीं गेली आणि पांच महिन्यांनीं सुप्यास पोंचेपर्यंत तिच्या हातीं कोलती आली. राग मुख्यतः परमुलखांतून आलेल्या मारवाडी व गुजर सावकारांवर निघाला. स्थानिक सावकार बहुधा सुटले, ते दयाळू होते म्हणून नव्हे. दंग्यांत ९५१ माणसें पकडलीं गेलीं व ५०१ जणांना शिक्षा झाल्या. चौकशीसाठीं नेमलेल्या कमिशननें नगर जिल्ह्यांतील बारा गांवें तपासलीं. सरकारी जमिनीच्या खातेदारांपैकीं सुमारें एक तृतीयांश कर्जांत बुडालेले होते, आणि त्यांचें कर्ज त्यांच्या वार्षिक साऱ्याच्या सरासरी अठरापट होतें.

अहवाल १८७६ सालीं तयार झाला आणि त्याच सालीं दुष्काळ सुरू झाला. दक्षिणी शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला तो १८७९ मध्यें. त्यानें कोर्टाला खताच्या मागें जाऊन मूळ व्यवहार पाहण्याचा अधिकार दिला, तंटे मिटविण्यास सलोखा करणारे पंच नेमले, कर्जासाठीं शेतकऱ्याला अटक करण्याची चाल थांबविली. न्यायमूर्ति रानडे यांनीं या कायद्याच्या अंमलबजावणींत न्यायाधीश म्हणून प्रत्यक्ष काम केलें. कायदा चांगला होता. पण मुंबईच्या व्यापाऱ्याला जी सवलत चार-सहा महिन्यांत मिळाली तिची भावंड म्हणावी अशी सवलत दख्खनच्या कुणब्याला मिळण्यास चौदा वर्षें, एक दंगा आणि एक दुष्काळ लागला. आणि मिळाली तेव्हां सावकारानें वाट काढलेली होती: गहाणखताऐवजीं तो सरळ खरेदीखत मागूं लागला.

बॅकबेकडे सरकारचें लक्ष पुन्हां वळलें तें १९२० सालीं, गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांच्या कारकीर्दींत. महायुद्धानंतरच्या तेजींत आठ तुकड्यांत ११४५ एकर समुद्र भरावयाचें ठरलें. बांध गळका निघाला, आंत टाकलेला गाळ वाहून जाऊं लागला, खर्च अंदाजाबाहेर गेला, आणि खुर्शेद नरिमन यांनीं हें प्रकरण चव्हाट्यावर आणलें. शेवटीं दोन्ही टोकांचे दोन-दोन तुकडे तडीस गेले, मधले चार पाण्यांत राहिले. नरिमन पॉइंटच्या इमारती तेथें उभ्या राहिल्या त्या स्वातंत्र्यानंतर. त्याच खात्यानें मजुरांसाठीं ५०,००० खोल्या बांधण्याचेंही योजिलें होतें. त्यासाठीं मुंबईंत येणाऱ्या कापसाच्या दर गांठीवर एक रुपया कर बसविण्यांत आला. प्रत्यक्षांत वरळी, नायगांव, डिलाइल रोड आणि शिवडी येथें २०७ चाळी झाल्या व त्यांत सुमारें १६,५०० खोल्या. एक खोली, एक दार, मजल्यावर सामाईक नळ आणि शौचकूप. कांहीं वर्षें त्यांतील बऱ्याच खोल्या रिकाम्या राहिल्या. पुढें त्या भरल्या त्या कोंकणांतून आणि घाटावरून आलेल्या गिरणी-कामगारांनीं. घाटावरच्यांत सातारा, पुणें, नगर या जिल्ह्यांतील माणसें होतीं. पगाराच्या दिवशीं गिरणीच्या दाराशीं पठाण सावकार काठी टेकून उभा राही. त्याच्यापाशीं कागद असलाच तर एक लहानशी वही असे.