गुडघ्याखालचा उंचवटा : एका दुखण्याचा इतिहास

खेळणाऱ्या मुलाचा गुडघा दुखू लागला की ‘वाढीचे वय आहे, दुखायचेच’ असे म्हणून विषय संपवण्याची रीत जुनी आहे. या दुखण्याला स्वतंत्र ओळख मिळण्यास भौतिकशास्त्रातील एका शोधाचा हातभार लागला. १८९५ मध्ये विल्हेल्म राँटजेन यांना क्ष-किरण सापडले आणि शरीर न उघडता हाड पाहणे शक्य झाले. आठच वर्षांनी, १९०३ मध्ये, बॉस्टनचे रॉबर्ट ऑसगुड आणि झुरिचचे कार्ल श्लॅटर यांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे या विकाराचे वर्णन केले. आजही तो त्या दोघांच्या नावांनी ओळखला जातो.

मांडीच्या पुढच्या स्नायूंचा जोर गुडघ्याच्या वाटीमार्गे एका कंडरेतून नडगीच्या हाडावरील लहानशा उंचवट्यावर येतो. किशोरवयात हा उंचवटा पूर्ण हाडाचा नसतो. तेथे वाढती, तुलनेने दुबळी कूर्चा असते. प्रत्येक उडीत आणि धावेत तिच्यावर ताण पडतो. ताण सोसण्याच्या क्षमतेपलीकडे गेला की ती जागा सुजते, दुखते. हे कारण एकमताने मान्य होण्यास मात्र कित्येक दशके लागली. हाडाचा रक्तपुरवठा तुटतो, असाही एक तर्क दीर्घकाळ प्रचलित होता. १९७६ मध्ये जॉन ऑग्डेन आणि वेन साउथविक यांनी या उंचवट्याच्या वाढीचा अभ्यास मांडला आणि ताणाच्या कारणमीमांसेला बळ मिळाले.

उपचारही याच क्रमाने बदलले. एके काळी पाय कित्येक आठवडे प्लास्टरमध्ये ठेवीत. दुखणे थांबे, पण स्नायू क्षीण होत. डेन्मार्कमधील संशोधकांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १० ते १४ वर्षांच्या ५१ मुलामुलींना आधी खेळ कमी करून सौम्य व्यायाम आणि नंतर क्रमाक्रमाने स्नायू बळकट करणारे व्यायाम दिले. बारा आठवड्यांनी ८० टक्के मुलांनी सुधारणा नोंदवली. खेळात मात्र तोवर १६ टक्केच परतली होती. वर्षअखेर हे प्रमाण ६९ टक्के झाले. तुलनेसाठी दुसरा गट नसल्याने सारे श्रेय व्यायामाला देता येत नाही. तरी वेदना घटणे आणि मैदानावर परतणे यांत महिन्यांचे अंतर असते, हे त्यातून दिसते.

२०१८ पासून ‘खेलो इंडिया’च्या स्पर्धांमुळे भारतातील शालेय खेळाडूंना राष्ट्रीय मैदान मिळाले आहे. निवडीच्या घाईत हे अंतर विसरले जाण्याचा धोका मोठा आहे. वेदना दाबून खेळणे आणि खेळ कायमचा सोडणे, या दोन्ही टोकांची बहुधा गरज नसते. वाढ पूर्ण होताना हे दुखणे बहुतेकांत शमते. मात्र रात्री झोपमोड करणारी वेदना, ताप, लंगडणे किंवा उडीनंतर अचानक पाय सरळ न होणे ही लक्षणे ‘वाढीची’ समजू नयेत. तेव्हा डॉक्टरांकडे जाण्यास विलंब करणे योग्य नाही.