कंस यंत्रासाठी, समास वाचकासाठी

जुन्या पोथ्यांत ओव्या सलग लिहिल्या जात. चरण कोठे संपतो, हे वाचणाऱ्याच्या कानाला ठाऊक असे. मांडणीने अर्थ किती सांगावा, हा प्रश्न लिस्प या संगणकीय भाषेच्या इतिहासातही उभा राहिलेला दिसतो.

१९५८ मध्ये अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत जॉन मॅकार्थी यांनी लिस्पची उभारणी आरंभिली. या भाषेत प्रत्येक रचना कंसात असते आणि कंसात पुन्हा कंस. यंत्राला तेवढे पुरते. माणूस मात्र कंस मोजत नाही. ओळ किती आत सरकली आहे, हे पाहून तो वाचतो.

१९६३ मध्ये टिमथी हार्ट यांनी लिस्पमध्ये मॅक्रोंची सोय सुचवली. मॅक्रो म्हणजे लिहिणाऱ्याने स्वतः घडवलेली नवी वाक्यरचना. पेच येथूनच सुरू होतो. साध्या फंक्शनचे घटक एकाखाली एक रांगेत लावायचे आणि रचनेचा गाभा दोन अक्षरे आत घ्यायचा, अशी रूढी आहे. एडिटरला अनोळखी मॅक्रो साधे फंक्शनच वाटते. मग गाभा तपशिलांच्या रांगेत जाऊन बसतो आणि वाचणाऱ्याची दिशाभूल होते. दोघांचे एडिटर निराळे असले, तर एकच मजकूर दोन प्रकारे सरकतो आणि खरा बदल कोणता, हे कळेनासे होते.

यावर तीन उत्तरे पुढे आली. ईमॅक्स लिस्पमध्ये मॅक्रोच्या व्याख्येतच मांडणीची सूचना लिहिता येते. कॉमन लिस्पच्या १९९४ च्या प्रमाणकात ‘रेस्ट’ आणि ‘बॉडी’ अशा दोन खुणा आहेत. यंत्राच्या लेखी दोन्ही सारख्याच. दुसरी केवळ मांडणीसाठी ठेवलेली आहे. २००७ मध्ये आलेल्या क्लोजरच्या वर्तुळात काहींनी तिसरा मार्ग सुचवला: नावाने सुरू होणारी प्रत्येक रचना दोनच अक्षरे आत घ्यावी, म्हणजे एडिटरला काही ठाऊक असण्याची गरज उरत नाही. यात एकवाक्यता लाभते. पण अट कोणती आणि कृती कोणती, हा मांडणीतून दिसणारा भेद हरपतो.

आम्हांला पहिल्या दोन उत्तरांचा मार्ग अधिक योग्य वाटतो. ज्याने रचना घडवली, त्यानेच ती कशी वाचावी हे व्याख्येसोबत सांगावे, आणि एडिटरने कार्यक्रम न चालवताही ते जाणून पाळावे. सूचनाच नसेल, तेथे दोन अक्षरांचा साधा नियम पुरेसा आहे.