नासारचना व नासाकोटरांचे विकार : एका कार्यकारणकल्पनेचा इतिहास

मराठी मुलखात इतरत्र, तसेच बुलढाणा जिल्ह्यातही, जुनाट सर्दीच्या रोग्याविषयी ‘नाकाचे हाड वाढले आहे’ असे म्हणण्याचा प्रघात आहे. वस्तुतः पुष्कळदा हाड वाढलेले नसून दोन नाकपुड्यांमधला पडदा एका बाजूस कललेला असतो. परंतु या बोलण्यात एक संपूर्ण रोगमीमांसा गृहीत धरलेली आहे : रचना वाकडी, म्हणून रोग. ही मीमांसा वाटते तितकी जुनी नाही.

सुश्रुताने उत्तरतंत्रात प्रतिश्यायाची कारणे सांगताना धूर, धूळ, थंडी व वेगांचा अवरोध यांचा निर्देश केला आहे. नासिकेच्या घडणीला त्या यादीत स्थान नाही. युरोपात नथॅनिएल हायमोर याने १६५१ मध्ये गालाच्या हाडातील कोटराचे वर्णन केले. त्याची रोगीण सुळा काढल्यावर कोटर उघडे पडून त्रस्त झाली होती. म्हणजे तेथेही चर्चा दाताची होती, आकारभेदाची नव्हे.

आकारभेदांची पद्धतशीर नोंद एमिल त्सुकरकांडल याच्या १८८२ च्या ग्रंथापासून सुरू झाली असे म्हणावयास हरकत नाही. पाठोपाठ शस्त्रक्रिया आल्या : कॉल्डवेल (१८९३) व ल्युक (१८९७) यांनी ओठाखालून कोटर उघडले, तर फ्रीअर व किलियन यांनी १९०२ ते १९०४ या काळात पडदा सरळ करण्याची रीत रूढ केली. पुढे ग्राझ येथील मेसरक्लिंगर याने दाखविले की, कोटरातील श्लेष्मा सूक्ष्म केसलांच्या गतीने नैसर्गिक मुखाकडेच वाहतो; दुसरीकडे भोक पाडले तरी त्याची वाट बदलत नाही. अर्थातच, मधल्या शुक्तिकेखालील अरुंद जागेला असाधारण महत्त्व आले. रचनावादाला याहून भक्कम आधार मिळाला नव्हता.

त्याची कसोटी संगणकीय छेदचित्रांनी घेतली. बोल्गर व सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये दाखविले की, हवेने फुगलेली शुक्तिका, हालरच्या पेशी इत्यादी भेद कोटरविकार असलेल्यांत व नसलेल्यांत जवळपास सारख्याच प्रमाणात आढळतात. म्हणून हे भेद निरर्थक ठरत नाहीत. एखाद्या रोग्यात मोठी शुक्तिका वाट अडवू शकते. शिवाय दृष्टिचेतेलगतची पेशी माहीत नसलेला शल्यविशारद डोळ्याला इजा करू शकतो. पण ‘भेद आढळला’ आणि ‘कारण सापडले’ ही दोन विधाने वेगळी आहेत.

आता खामगावकडे पाहावे. १८७० मध्ये लॉर्ड मेयोच्या हस्ते जलंब–खामगाव लोहमार्ग खुला झाला तो कापसासाठी. वऱ्हाडात सरकी काढण्याच्या व गाठी बांधण्याच्या कारखान्यांत मजुरांचा श्वास कापसाच्या धुळीतून चालत आला आहे, आणि अशी धूळ श्लेष्मकलेला सूज आणते. सुश्रुताच्या यादीतला ‘रज’ येथे शब्दशः भेटतो. अशा मजुराचे निदान करताना हंगाम सरल्यावर त्रास उतरतो काय, हा प्रश्न छेदचित्रापूर्वी विचारावयाचा आहे.