एकोणपन्नासाव्या वर्षापुढे

आम्ही कारकून माणसे. ज्या गोष्टीस कागदावर रकाना नाही ती गोष्ट जगातही नाही, असे मानण्याची सवय आमच्या हाडीमासी खिळलेली असते. काही वर्षांमागे कार्यालयीन कामाच्या निमित्ताने राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचे अहवाल चाळीत असता एक लहानशी बाब आमच्या ध्यानात आली. ह्या पाहणीत पाळी, गर्भारपण, बाळंतपण, संततिनियमन ह्यांविषयीचे सारे प्रश्न १५ ते ४९ वर्षे वयाच्या स्त्रियांना विचारलेले असतात. पन्नाशीत पाऊल टाकलेली बाई घरात असली तर तिची डोकी मोजली जातात. पण तिच्या देहाचे काय चालले आहे, हे तिला कोणी विचारीत नाही. तेव्हा आम्ही त्यावर फारसा विचार केला नाही. रकाना आखणाऱ्यास कोठेतरी रेघ ओढावीच लागते, एवढे म्हणून पान उलटले.

त्या रेघेपलीकडचे माणूस आमच्याच घरात राहावयास आले तेव्हा मात्र ते पान पुन्हा आठवले. वडील गेल्यावर आमची आई सातारा जिल्ह्यातील गाव सोडून आमच्याकडे मयूर विहारला आली. यमुनेपलीकडची ही वस्ती, तिसऱ्या मजल्यावरचे दोन खोल्यांचे घर, आणि चौफेर हिंदी. आईचे वय अठ्ठावन्न. आश्रित म्हणून तिचे नाव आमच्या आरोग्यपत्रिकेवर चढले आणि आम्ही तिला एका सरकारी दवाखान्यात घेऊन गेलो. डॉक्टरबाईंनी हिंदीत विचारले, आम्ही मराठीत सांगितले, आईने मान खाली घालून उत्तर दिले, “कंबर दुखते.” आम्ही त्याचा चोख अनुवाद केला. चुन्याच्या गोळ्या मिळाल्या. दोन महिन्यांनी पुन्हा तेच. दोष दवाखान्याचा नव्हता. दुभाषा चुकीचा होता. मुलाच्या तोंडून जे सांगवणार नाही ते आईने मुळात उच्चारलेच नव्हते.

काय सांगावयाचे होते ते पुढे येईलच. पण मराठी समाजात ह्या विषयावर मोकळेपणी कोण बोलले, केव्हा बोलले, आणि त्यांचे बोलणे नेमके कोठे येऊन थांबले, हा शोध आम्ही त्यानंतर घेऊ लागलो.

प्राचीन वैद्यकाने ह्या वयाची नोंद घेतली नव्हती असे नाही. सुश्रुताने आर्तवाचा काळ बाराव्या वर्षापासून पन्नासाव्या वर्षापर्यंतचा सांगितला आहे. शरीर जरेने पिकले की ते आपोआप क्षीण होते, असे त्याचे म्हणणे. ‘रजोनिवृत्ती’ हा शब्द पाठ्यपुस्तकातला. तो कोणा बाईच्या तोंडून आम्ही कधी ऐकला नाही. घरात म्हणत, “पाळी गेली”, आणि त्यापुढे बहुधा एकच शब्द येई, “सुटले.” सुटका कशातून? तर महिन्याचे तीन दिवस बाजूला बसण्यातून, ‘कावळा शिवला’ म्हणून मुलांना दूर लोटण्यातून. ज्या घरी सोवळे कडक, तेथे अशा बाईस देवघराची व स्वयंपाकघराची मुभा मिळे. म्हणजे ह्या स्थित्यंतराकडे समाजाने पाहिले ते विटाळाच्या बाजूने. अंगाची आग होणे, रात्री घामाने भिजून उठणे, चिडचिड, कोरडेपणा, पतीजवळ जाण्याची भीती किंवा क्वचित न ओसरलेली ओढ, ह्यांस त्या हिशेबात जागाच नव्हती. सून घरात आल्यावर सासूने शेज ठेवणे ही लाजेची गोष्ट. आणि सुनेबरोबर सासूलाही दिवस गेले तर गावभर हसे. सुटका झाली खरी, पण तिच्याबरोबर बोलण्याची सोयही गेली.

ही कोंडी फोडण्यास जो पहिला पुढे सरसावला तो वैद्य नव्हता, गणिताचा प्राध्यापक होता. रघुनाथ धोंडो कर्वे ह्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले. १९२५ साली विल्सन कॉलेजातील नोकरी सोडण्याची पाळी त्यांच्यावर ह्याच कामापायी आली, आणि जुलै १९२७ पासून ते ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक काढू लागले. स्त्रीलाही कामेच्छा असते आणि तिच्या तृप्तीचा तिला हक्क आहे, हे त्यांनी मराठीत आडपडदा न ठेवता लिहिले. वाचकांनी पत्रे लिहावीत, आणि जे घरात विचारता येत नाही ते मासिकास विचारावे, अशी ती सोय होती. १९३१ साली ‘व्यभिचाराचा प्रश्न’ ह्या लेखाबद्दल त्यांना शंभर रुपये दंड झाला. १९३४ साली पुन्हा खटला उभा राहिला तो वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून. त्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतले. लैंगिक विषयावर लिहिले एवढ्यानेच लेखन अश्लील ठरत नाही, हा त्यांच्या प्रतिपादनाचा गाभा होता. खटला हरला, दंड दोनशे रुपये. पुढे १९५८ साली वडिलांना, महर्षी कर्वे ह्यांना, ‘भारतरत्न’ अर्पण झाले; मुलाच्या वाट्यास दंडाच्या पावत्या आल्या आणि तो १९५३ सालीच जग सोडून गेला होता. त्यांच्या पत्नी मालतीबाई ह्या साऱ्या ओढगस्तीत त्यांच्यामागे उभ्या राहिल्या, ह्याचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही.

‘समाजस्वास्थ्या’त लिहिणाऱ्यांपैकी शकुंतला परांजपे ह्या रँगलर परांजप्यांच्या कन्या. पुण्यात त्यांनी १९३८ पासून संततिनियमनाच्या प्रचारास वाहून घेतले आणि १९६४ ते १९७० ह्या काळात राज्यसभेच्या राष्ट्रपतिनियुक्त सदस्य म्हणून त्या दिल्लीत होत्या. तोवर सरकारनेही हे काम आपलेसे केले होते. कुटुंबनियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९५२ साली सुरू झाला. ज्यासाठी कर्व्यांनी नोकरी गमावली त्याच्या फायली आता आमच्यासारखे कारकून हलवू लागले. काळाचा न्याय असाही असतो! पण येथेच ती रेघ ओढली गेली असे आमचे मत आहे. मूल होऊ द्यावे की न द्यावे, हा प्रश्न जोवर आहे तोवर बाई कार्यक्रमात. तो प्रश्न मिटला की ती कार्यक्रमाबाहेर.

ह्याच सुमारास मुंबईच्या इस्पितळांत दुसराच इतिहास घडत होता. वरचेवरची बाळंतपणे, अडलेली बाळंतपणे, आणि उठल्याबरोबर डोक्यावर हंडा किंवा मोळी, ह्यांमुळे गर्भाशयाचे आधार सैल होऊन ते खाली उतरते. आपल्याकडे बायका ह्यास ‘अंग बाहेर येणे’ म्हणतात. शब्द किती नेमका, आणि तो पुरुषांच्या कानावर किती क्वचित पडतो! ऐन तारुण्यात हे दुखणे जडलेल्या स्त्रियांचे गर्भाशय काढून टाकावे कसे, हा पेच होता. गोव्यातील शिरोडा गावी १८९९ साली जन्मलेले डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर जगाला ठाऊक आहेत ते १९५५ सालच्या त्यांच्या टाक्यामुळे. परंतु खाली उतरलेले गर्भाशय पट्टीच्या आधाराने मागे त्रिकास्थीकडे बांधून जागच्या जागी ठेवण्याची त्यांची शस्त्रक्रियाही तितकीच नावाजलेली. पुरंदरे ह्या आडनावाने ओळखली जाणारी शस्त्रक्रिया पोटाच्या भिंतीतील आवरणाच्या पट्ट्यांनी गर्भाशयमुख वर धरून ठेवते. अवयव न काढता सावरावयाचा, ही ह्या मुंबईकर वैद्यांची शिकवण परदेशच्या ग्रंथांत गेली. ती मराठवाड्यात का पोचली नाही, हे पुढे पाहू.

तत्पूर्वी गडचिरोली. डॉ. राणी बंग व डॉ. अभय बंग ह्यांनी तेथील दोन खेड्यांतील ६५० स्त्रियांची तपासणी केली आणि तिचे निष्कर्ष १९८९ साली ‘लॅन्सेट’ ह्या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोगांपैकी एक तरी रोग होता. एकेकीस सरासरी तीनांहून अधिक. आणि त्यांपैकी पूर्वी कधी तपासणी झालेल्या किती? अवघ्या ८ टक्के. हे आकडे वाचून आम्ही काही काळ पुस्तक मिटून बसलो. बायकांना दुखणे नव्हते असे नाही, लाजच काय ती होती असेही नाही. बाळंतीण नसलेल्या बाईला कोणी तपासावयाचे असते, हीच कल्पना व्यवस्थेस नव्हती. राणीबाईंनी पुढे ‘कानोसा’ हे पुस्तक लिहिले. बायकांच्या बोलण्यास कान दिला की काय ऐकू येते, हे त्या नावातच आहे.

कान न दिला तर काय होते, ते २०१९ साली बीड जिल्ह्याने दाखविले. ऊसतोडीला नवराबायको मिळून एक ‘कोयता’ मोजतात. मुकादमाकडून उचल घ्यावयाची, दसऱ्यानंतर कारखान्याच्या वाटेने निघावयाचे, पालात किंवा कोपीत राहावयाचे; न्हाणी नाही, आडोसा नाही, पाणी विकत किंवा लांबून. अंगावरून पांढरे जाऊ लागले, ओटीपोट दुखू लागले तरी खाडा करता येत नाही. खाडा झाला की दंड. मग गावी परतल्यावर खासगी दवाखान्यात कोणी ‘पिशवीला सूज आहे, पुढे कर्करोग होईल’ असे म्हणाला की बाई कर्ज काढून पिशवीच काढून टाकते. राज्य शासनाने नीलम गोऱ्हे ह्यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ८२ हजारांहून अधिक ऊसतोड स्त्रियांच्या पाहणीत १३ हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. कितीतरी जणी चाळिशीच्या आतल्या. अंडाशयेही काढली गेली असतील तर त्याच दिवशी, आणि ठेवली असली तरी पुष्कळदा काही वर्षे आधी, ह्या स्त्रियांचे ‘उतारवय’ सुरू होते. हाडे ठिसूळ होतात, अंगाची लाही होते, आणि काम तर तेच राहते. ज्या राज्याच्या राजधानीत अवयव सावरण्याच्या शस्त्रक्रिया जन्मल्या, त्याच राज्यात हे घडले. कारण मुंबईत वैद्यांनी विचार केला तो दुखण्याचा. बीडमध्ये हिशेब झाला तो खाड्याचा. केंद्राने २०२२ साली ह्या शस्त्रक्रियांविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या आणि एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या सर्व राज्यांस लागू करावयास सांगितल्या. न्याय्यतेखातर हेही सांगितले पाहिजे की, गर्भाशय काढले आहे काय, हा प्रश्न कुटुंब आरोग्य पाहणीत २०१५-१६ पासून विचारला जातो. पण वयाची रेघ तीच राहिली.

शहरातल्या सुशिक्षित घरांत भीती वेगळी आहे, ती औषधाची. पाळी जाताना शरीरातील इस्ट्रोजेन हा संप्रेरक ओसरतो व त्यामुळे बहुतेक त्रास होतात; तो बाहेरून देण्याची पद्धत पाश्चात्त्य देशांत एकेकाळी सरसकट रूढ झाली होती. २००२ साली अमेरिकेतील एका मोठ्या चाचणीत स्तनाच्या कर्करोगाचा व हृदयविकाराचा धोका वाढलेला दिसला आणि चाचणीचा तो भाग थांबविला गेला. त्या चाचणीतील स्त्रियांचे सरासरी वय ६३ होते. साठीच्या आत, पाळी गेल्यापासून दहा वर्षांत उपचार सुरू केल्यास हिशेब निराळा असतो, हे पुढील वर्षांत स्पष्ट झाले. पहिली बातमी घरोघर पोचली, दुसरी वैद्यांच्या परिषदांतच राहिली. भारतीय स्त्रीची पाळी सरासरी छेचाळीस-सत्तेचाळिसाव्या वर्षी, म्हणजे पाश्चात्त्य स्त्रीच्या काही वर्षे आधी जाते. तेव्हा हे जाणून घेण्याची गरज आपल्याला कमी नाही, अधिकच आहे.

आता आईकडे. संक्रांतीनंतर आमच्या इमारतीच्या गच्चीवर मराठी बायकांचे हळदीकुंकू होते. दिल्लीच्या हिवाळ्यात उन्हाचे मोल काय, हे येथे नोकरी केलेल्यास सांगावयास नको. पाच वाजेपर्यंत कोणी खाली उतरले नाही. शेजारच्या काकू निवृत्त परिचारिका. तिळगूळ वाटता वाटता त्यांनी स्वतःचेच सांगितले, म्हणे, खोकला आला की लुगडे भिजायचे. व्यायाम शिकले, आता बरे आहे. मग एकेक जण बोलू लागली. आमची आई शेवटी बोलली. तेरा वर्षे तिचे अंग बाहेर येत होते. तेरा वर्षे ती ते कापडाने बांधून पाणी भरीत होती, उकिडवी बसून भाकरी करीत होती, आणि वडिलांपासून वेगळी निजत होती. वडिलांनीही कारण विचारले नव्हते.

हे आम्हांस काकूंनी सांगितले, तेही सगळे नव्हे. त्यांच्याबरोबर आई पुन्हा दवाखान्यात गेली. आम्ही बाहेर बाकावर बसलो. ह्या वेळी दुभाष्याची गरज पडली नाही, कारण काकूंना दोन्ही भाषा येत होत्या आणि तिसरीही. तूर्त रबरी कडी बसविली आहे. शस्त्रक्रिया करावयाची की नाही, ते आई ठरवील. खर्चाच्या परताव्याचा अर्ज भरताना ‘रोगाचे नाव’ ह्या रकान्यापाशी आमची लेखणी अडली. आई म्हणाली, “लिही की, अंग बाहेर येतं म्हणून. तुमच्या साहेबाला आई नाही का?” आम्ही डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचे नाव उतरविले, ही आमची कारकुनी.

त्याच संध्याकाळी तिने गावी धाकट्या बहिणीस दूरध्वनी केला. ख्यालीखुशाली झाली, आणि मग आवाज जराही न उतरवता तिने विचारले, “तुझं कसं काय गं, अंगाचं? खरं सांग.” आम्ही सवयीने उठून सज्ज्याकडे निघालो. तिने दूरध्वनीवर हात ठेवून हाक मारली, “बस की रे. कुठं निघालास?”