पांढऱ्या धुराचे कोडे

१९३९ मध्ये अमेरिकेत ओल्ड्समोबिलने १९४० च्या मोटारींसाठी ‘हायड्रामॅटिक’ गिअरबॉक्स आणला आणि चालकाची क्लचमधून सुटका झाली. १९६४ मध्ये कॅडिलॅक, ब्यूकमध्ये त्याचा नवा अवतार आला. त्यात इंजिनावरचा भार ओळखायला व्हॅक्यूम मॉड्युलेटर होता: पत्र्याची लहानशी डबी, आत रबरी पडदा, वर इंजिनाकडे जाणारी नळी.

जुन्या गाडीत हा पडदा फाटला, की गिअर उशिरा आणि हिसका देत बदलतात. इंजिन त्याच नळीतून गिअरबॉक्सचे तेल ओढते. सायलेन्सरमधून पांढरा धूर! मालक म्हणतो, इंजिन गेले. आधी तेलाची पातळी पाहावी, मग नळी काढावी. आत लाल तेल दिसले, तर चोर सापडलाच. डबी एका बोल्टवर निघते. त्यासाठी अख्खा गिअरबॉक्स उतरवणारे मिस्त्रीही असतात म्हणा!