सर्वाधिक प्रभावी अमेरिकन मोटार कोणती? : मुंबई उपनगरांतील मोटार-उद्योगाच्या संदर्भात एक पुनर्विचार

प्रस्तावना

अमेरिकेच्या मोटार-इतिहासात सर्वाधिक प्रभावी ‘मसल कार’ कोणती, हा वाद तेथील अभ्यासकांत आणि रसिकांत अनेक दशके चालू आहे. मध्यम आकाराच्या व बेताच्या किमतीच्या मोटारीत मोठ्या मोटारीचे बलाढ्य इंजिन बसविणे, अशी या प्रकाराची स्थूल व्याख्या करता येते. काहींच्या मते या परंपरेचा आरंभ १९४९ च्या ओल्ड्समोबिल रॉकेट ८८ पासून होतो. काही जण १९५५ च्या तीनशे अश्वशक्तीच्या क्रायस्लर सी-३०० कडे बोट दाखवितात. बहुमत मात्र १९६४ च्या पाँटिअॅक जीटीओच्या बाजूने आहे. जनरल मोटर्सने मध्यम मोटारींच्या इंजिनावर ३३० घनइंचांची मर्यादा स्वतःच घालून घेतली होती. पाँटिअॅकच्या अभियंत्यांनी ३८९ घनइंचांचे इंजिन ‘ऐच्छिक जोडणी’ म्हणून देऊन ती चुकविली. पहिल्याच वर्षी अशा ३२,४५० मोटारी खपल्या. त्याच वर्षी आलेल्या फोर्ड मस्टँगने पहिल्या बारा महिन्यांत चार लाखांचा टप्पा ओलांडला. परंतु तिच्या मूळ नमुन्यात सहा सिलिंडरांचे साधे इंजिन असल्यामुळे तिला या वर्गात बसवावे की नाही, यावरच मतभेद आहेत.

या वादात ‘प्रभाव’ शब्दाचा अर्थ सहसा स्पष्ट केला जात नाही. खप, इतर कंपन्यांनी केलेले अनुकरण आणि तरुण ग्राहकाच्या मनातील प्रतिमा हे तीन निकष सोयीनुसार वापरले जातात आणि तिन्ही निकष अमेरिकन बाजारपेठेच्या आतले आहेत. तोच प्रश्न मुंबईच्या उपनगरांत विचारला असता उत्तर वेगळे येते, इतकेच नव्हे तर निकषही बदलावे लागतात. कुर्ला आणि कांदिवली या दोन उपनगरांत अमेरिकन मोटारी केवळ धावल्या नाहीत. त्या तेथे जोडल्या आणि घडविल्या गेल्या.

शिवडीपासून कुर्ल्यापर्यंत

मुंबईत अमेरिकन मोटारींची जोडणी प्रथम जनरल मोटर्सने १९२८ मध्ये शिवडी येथे सुरू केली. सुटे भाग पेट्यांत भरून जहाजाने यावयाचे आणि येथील कामगारांनी ते जोडावयाचे, एवढेच या उद्योगाचे स्वरूप होते. शेव्हरोले मोटारींनी मुंबईच्या रस्त्यांवर आपला ठसा उमटविला, परंतु मोटार बनविण्याची विद्या शिवडीला मिळाली नाही. १९५३ मध्ये टॅरिफ कमिशनच्या शिफारशींनुसार, सुटे भाग देशात बनविण्याचा कार्यक्रम नसलेल्या कंपन्यांना व्यवसाय आवरण्यास सांगण्यात आले; तेव्हा जनरल मोटर्स आणि फोर्ड या दोघींनीही भारत सोडणे पसंत केले. पाव शतकाच्या वास्तव्यानंतर इतक्या सहज निघून जाता येणे, हे त्या उद्योगाची मुळे किती उथळ होती याचेच द्योतक होय.

सोलापूरचे वालचंद हिराचंद यांची दृष्टी वेगळी होती. सर मो. विश्वेश्वरय्या यांनी १९३५ मध्ये युरोप-अमेरिकेचा दौरा करून भारतात मोटार कारखाना उभारण्याची योजना तयार केली होती आणि मुंबई प्रांताच्या बाळासाहेब खेर मंत्रिमंडळाची तिला सहानुभूती होती. या योजनेचा पाठपुरावा वालचंदांनी केला. फोर्डशी झालेली बोलणी फिसकटली. क्रायस्लरने मात्र सहकार्याची तयारी दाखविली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटिश सरकारने या उपक्रमाला साथ दिली नाही. अखेर १९४४ मध्ये प्रीमिअर ऑटोमोबाइल्स लिमिटेड ही कंपनी स्थापन झाली आणि १९४७ मध्ये कुर्ला येथील कारखान्यातून पहिली वाहने बाहेर पडली.

कुर्ल्याची निवड विचारात घेण्याजोगी आहे. त्या वेळी कुर्ला मुंबई महापालिकेच्या हद्दीत नव्हते. तेथे स्वतंत्र नगरपालिका होती. १९५० मध्ये हद्द जोगेश्वरी-भांडुपपर्यंत आणि १९५७ मध्ये दहिसर-मुलुंडपर्यंत वाढली. म्हणजे महानगर उपनगरांपर्यंत पोहोचण्याआधीच मोटार तेथे पोहोचली होती. मोकळी जमीन, दोन्ही लोहमार्गांचे सान्निध्य आणि आग्रा रोड (आजचा लालबहादूर शास्त्री मार्ग) यांमुळे कुर्ल्यापासून मुलुंडपर्यंत कारखान्यांची जी रांग उभी राहिली, तिच्या आरंभीच्या मानकऱ्यांत प्रीमिअरची गणना करावी लागते. विक्रोळीचे गोदरेज, भांडुपचे सिएट आणि गेस्ट कीन विल्यम्स ही याच पट्ट्यातील नावे.

प्रीमिअरने क्रायस्लर समूहाच्या डॉज, प्लिमथ आणि डिसोटो या मोटारी तसेच डॉज व फार्गो मालट्रक बाजारात आणले. तिन्ही मोटारींचा सांगाडा मुळात एकच होता. समोरची जाळी, नक्षी आणि नाव तेवढे निराळे. साडेतीन लिटरहून मोठे, सहा सिलिंडरांचे इंजिन आणि सहा माणसे आरामात बसतील अशी ऐसपैस बैठक यांमुळे त्या धनिकांच्या दारी शोभल्या आणि मुंबईच्या टॅक्सी-ताफ्यातही रुजल्या.

१९६४ : दोन शहरांची दोन उत्तरे

क्रायस्लरशी संबंध असतानाच प्रीमिअरने इटलीच्या फियाटशी हातमिळवणी केली आणि १९५४ पासून फियाट ११०० कुर्ल्यात तयार होऊ लागली. १०८९ घनसेंटिमीटरचे, म्हणजे प्लिमथच्या इंजिनाच्या एक तृतीयांशाहूनही लहान असे तिचे इंजिन होते. १९६४ मध्ये डेट्रॉइटने जीटीओ बाजारात आणली आणि त्याच वर्षी कुर्ल्यात फियाट ११०० डी अवतरली. एका ठिकाणी त्याच मोटारीत अधिक मोठे इंजिन कसे बसवावे याचा विचार चालू होता. दुसऱ्या ठिकाणी त्याच कुटुंबाला लहान इंजिनात कसे बसवावे याचा. मुंबईच्या टॅक्सी व्यवसायानेही याच सुमारास फियाटला पसंती दिली. पुढे १९७४ मध्ये हीच मोटार प्रीमिअर पद्मिनी झाली. तिचे उत्पादन विसाव्या शतकाबरोबर आटोपले. ऑक्टोबर २००३ मध्ये नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांची वयोमर्यादा संपल्यामुळे ऑक्टोबर २०२३ अखेर रस्त्यावरून उतरली.

अमेरिकन मोटार येथे मागे पडली ती केवळ पेट्रोलच्या खर्चामुळे, असे सामान्यतः मानले जाते. हे कारण खरे असले तरी अपुरे आहे. मोटारीच्या अंगावरील वळणदार पत्रे ठोकण्यासाठी लागणारे साचे अत्यंत महाग असतात. डेट्रॉइटमध्ये तो खर्च लाखो मोटारींवर वाटला जाई आणि म्हणूनच दरवर्षी रूप पालटणे तेथे परवडत असे. मसल कारचे सगळे वैभव या वार्षिक रूपपालटावर उभे होते. प्लिमथने १९६८ मध्ये काढलेली रोड रनर ही त्याची उत्तम साक्ष : आतील सजावट काटून, इंजिन तेवढे दणकट ठेवून, २,८९६ डॉलरच्या मूळ किमतीत तरुणांना वेगाची चैन उपलब्ध करून देणारी. परवाने, आयात-निर्बंध आणि परकीय चलनाची चणचण यांच्या चौकटीत वर्षाला काही हजार मोटारी काढणाऱ्या कुर्ल्याला असा रूपपालट झेपणे शक्यच नव्हते. कुर्ल्याला हवी होती न बदलणारी मोटार. साचा एकदा आणला की तो झिजेपर्यंत वापरता यावा, ही येथील गरज होती. फियाट ११०० तीत बसली, डॉज-प्लिमथ बसल्या नाहीत.

कांदिवलीची जीप

अमेरिकेत जन्मलेले एक वाहन मात्र या कसोटीला तंतोतंत उतरले. १९४५ मध्ये स्थापन झालेल्या महिंद्र अँड मोहम्मद या कंपनीचे नाव १९४८ मध्ये महिंद्र अँड महिंद्र झाले; भागीदार गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले होते. कंपनीने १९४७ मध्ये माझगाव येथे विलीज जीपची जोडणी सुरू केली. पुढे हे उत्पादन कांदिवलीच्या कारखान्यात स्थिरावले.

जीपच्या यशाचे श्रेय नेहमी तिच्या कणखरपणाला दिले जाते. मोटार-इतिहासाच्या दृष्टीने तिचा सपाटपणा अधिक महत्त्वाचा मानला पाहिजे. तिच्या अंगावर खोल, गोलाईदार पत्रे जवळजवळ नव्हतेच. साध्या यंत्रावर वाकवून आणि जोडून होणारे काम त्यात अधिक असल्याने महागड्या साच्यांवाचून फारसे अडत नव्हते. शिवाय तिचे रूप दरवर्षी बदलावे अशी अपेक्षा ग्राहकांना कधीच नव्हती. सीजे-३बी ही उंच नाकाची जीप अमेरिकेत १९६८ मध्ये बंद झाली. महिंद्रच्या कारखान्यांत तिची वंशावळ पुढे अनेक दशके चालली. १९६३ पासून इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या सहकार्याने कांदिवलीला ट्रॅक्टर बनू लागले, आणि त्या ट्रॅक्टरच्या इंजिनावरून बेतलेले डिझेल इंजिन जीपमध्ये बसविले गेले. मोठे इंजिन लहान गाडीत बसवावे ही अमेरिकन कल्पना, तर शेतातले इंजिन रस्त्यावरच्या गाडीत बसवावे ही कांदिवलीची. दुसरीची गती बेताचीच होती, हे निराळे सांगावयास नको.

तहसीलदाराची, फौजदाराची आणि निवडणूक प्रचाराची जीप ग्रामीण महाराष्ट्राच्या स्मृतीत घट्ट बसलेली आहे. पश्चिम महाराष्ट्रात ‘वडाप’ आणि विदर्भ-मराठवाड्यात ‘काळी-पिवळी’ या नावांनी जी प्रवासी वाहतूक वाढली, तीत जीपच्याच वंशातील लांब गाड्या होत्या. एस.टी. जेथे दिवसातून एकदा जात असे तेथे बाजार, दवाखाना आणि महाविद्यालय यांचे अंतर या वाहनाने कमी केले. ‘जीप’ हा शब्द मराठीत स्त्रीलिंगी सामान्यनाम म्हणून रुळला. मस्टँगच्या वाट्याला हे भाग्य आले नाही. भारतात ती अधिकृतपणे २०१६ मध्ये सुमारे ६५ लाख रुपयांना विक्रीस आली, आणि फोर्डने २०२१ मध्ये भारतातील मोटार-उत्पादन थांबविण्याची घोषणा केली.

कारखान्याबाहेरचा प्रभाव

एवढ्यावरून कुर्ल्याच्या डॉज-प्लिमथ मोटारींना निष्प्रभ ठरविणे अन्यायाचे होईल. त्या मोटारी हरल्या, परंतु त्यांच्यासाठी उभा राहिलेला कारखाना टिकला. फिटर, टर्नर, वेल्डर आणि रंगारी यांच्या पहिल्या तुकड्या अमेरिकन वाहनांवर तयार झाल्या. फियाटला त्यांचा हात आयता मिळाला. कुर्ला-कलिना दरम्यानच्या सीएसटी रोडवर पुढे फोफावलेला सुट्या भागांचा आणि गॅरेजांचा बाजार हा या पट्ट्यातील मोटार-ज्ञानापासून अलग करून पाहता येणार नाही. कागदी पदवी नसलेला पण इंजिनाचा आवाज ऐकून दोष सांगणारा मिस्त्री ही उपनगरांची एक विद्यापीठबाह्य परंपराच होय. मुंबईच्या सामाजिक इतिहासाने तिची पुरेशी दखल घेतलेली नाही.

दुसरा परिणाम कामगार चळवळीचा आहे. घाटकोपरला वैद्यकीय व्यवसाय करणारे डॉ. दत्ता सामंत खाणमजुरांच्या प्रश्नातून कामगार क्षेत्रात आले आणि १९७० च्या दशकात पूर्व उपनगरांतील अभियांत्रिकी कारखान्यांत त्यांचा दबदबा निर्माण झाला. प्रीमिअरचे कामगारही त्यांच्या झेंड्याखाली गेले. कंपनीचा ताळेबंद न पाहता वेतनवाढ मागणे ही त्यांची पद्धत वादग्रस्त होती. पण तिने मिळवून दिलेली वाढ परळ-लालबागच्या गिरणी कामगारांना दिसत होती. जानेवारी १९८२ च्या संपासाठी ते सामंतांकडे गेले त्याच्या पार्श्वभूमीत उपनगरांतील या पगारपत्रकांचा वाटा आहे. मोटारीचा प्रभाव केवळ मोटारींवरच मोजावयाचा तर हा सारा इतिहास निसटून जातो.

कुर्ल्याचा कारखाना आता नाही. त्याच्या जमिनीवर कोहिनूर सिटी उभी आहे. विद्याविहारकडे जाणाऱ्या प्रीमिअर रोडच्या नावात तेवढी त्याची खूण उरली आहे. जीपच्या बाबतीत मात्र एक अनपेक्षित वळण नोंदविणे आवश्यक आहे. विलीजचा हा वारसा कैझर आणि अमेरिकन मोटर्स यांच्या हातून १९८७ मध्ये क्रायस्लरकडे गेला. कुर्ल्याचे दोन्ही जुने भागीदार, क्रायस्लर आणि फियाट, २०१४ मध्ये एकाच कंपनीत विलीन झाले. महिंद्रने २०१८ मध्ये ‘रॉक्सर’ हे जीपच्या घाटाचे वाहन मिशिगनमधील ऑबर्न हिल्स येथे जोडून विकण्यास प्रारंभ केला, तेव्हा याच फियाट क्रायस्लरने, आपल्या जीपचे रूप उचलले अशी तक्रार अमेरिकेच्या आंतरराष्ट्रीय व्यापार आयोगाकडे दाखल केली. २०२० मध्ये आयोगाने तक्रार मान्य केली. त्यानंतर महिंद्रने समोरचा भाग बदलला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस बदललेल्या रॉक्सरला विक्रीची मोकळीक मिळाली.