तिसरा पाइप

बेसिनमधलं पाणी सावकाश उतरायला लागलं की आपलं सगळ्यांचं निदान एकच: "तुंबलंय." मग रबरी पंप, तार, ॲसिडची बाटली. बऱ्याचदा ते निदान बरोबरही असतं. पण जुन्या इमारतींत कधीकधी पाइप आतून स्वच्छ असतो, तरी पाणी गुडगुड करत, थांबत थांबत उतरतं. कारण तिथे अडकलेली असते हवा.

तेलाचा पत्र्याचा डबा आठवा. एकच भोक पाडलं तर तेल भकभक करत येतं, दुसरं पाडलं की सरळ धार. ड्रेनेजचंही तसंच. हे दुसरं भोक म्हणजे गच्चीपर्यंत गेलेला व्हेंट पाइप. त्यातून पाणी जात नाही, त्यामुळे तो बिनकामाचा वाटतो. त्याचं काम समजायला माणसाला बरीच वर्षं लागली.

सुरुवात एका घड्याळजीपासून. १७७५ साली लंडनमध्ये अलेक्झांडर कमिंग याने फ्लशच्या संडासाचं पेटंट घेतलं. त्यातली महत्त्वाची गोष्ट म्हणजे भांड्याखालचा वाकवलेला पाइप. वाकात थोडं पाणी कायम साठून राहतं आणि गटारातली हवा वर येऊ देत नाही. यालाच आपण ट्रॅप म्हणतो. आपल्या न्हाणीघरातल्या जाळीखाली असतो तो 'नहाणी ट्रॅप'. हा शब्द भारतातल्या इंजिनिअरिंगच्या इंग्रजी पुस्तकांतही असाच छापतात. पहिल्यांदा वाचला तेव्हा मला भारी मजा वाटली होती.

तर, कमिंगची युक्ती साधी आणि उत्तम होती. पण तिच्यात एक गोची होती. ट्रॅपमधलं पाणी असतं साधारण ५० मिलिमीटर, म्हणजे जेमतेम तीन बोटं. वातावरणाचा दाब सुमारे दहा मीटर पाणी तोलून धरतो. त्याच्या दोनशेव्या भागाएवढा फरक पडला तरी हे तीन बोटं पाणी हलतं. वरच्या मजल्यावरून बादलीभर पाणी उभ्या पाइपातून खाली धावलं की मागे हवा कमी पडते आणि ती भरायला तो पाइप खालच्या मजल्यांच्या ट्रॅपमधलं पाणी ओढून घेतो. ट्रॅप रिकामा, दार सताड उघडं!

घरं एकेकटी आणि गटारं उघडी होती तोवर हे फारसं जाणवलं नाही. मग १८५८ च्या उन्हाळ्यात थेम्स नदी इतकी सडली की पार्लमेंटचे पडदे क्लोराइड ऑफ लाइममध्ये भिजवावे लागले. त्यानंतर जोसेफ बॅझलजेटने लंडनखाली मोठमोठ्या बंदिस्त गटारवाहिन्या बांधल्या. शहर सुधारलं, पण घर आणि गटार यांच्यामध्ये आता तेवढं तीन बोटं पाणी उरलं.

१८७१ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स (पुढे सातवा एडवर्ड) स्कारबरोला एका बड्या घरी पाहुणा म्हणून राहिला आणि परतल्यावर टायफॉइडने मरता मरता वाचला. त्याच घरी उतरलेले अर्ल ऑफ चेस्टरफील्ड आणि राजपुत्राचा मोतद्दार मात्र वाचले नाहीत. दोष गेला घराच्या ड्रेनेजला. झालं! गटारातल्या वायूचा धसका श्रीमंतांनीही घेतला. पुढच्या काही दशकांत ट्रॅपचं पाणी ओढलं जाऊ नये म्हणून प्रत्येक ट्रॅपच्या मागे हवेचा वेगळा पाइप जोडायची पद्धत रुळत गेली.

गंमत म्हणजे निदान चुकीचं होतं. टायफॉइड दूषित पाण्यातून आणि अन्नातून पसरतो, गटारातल्या वासातून नाही. आमच्या भाषेत सांगायचं तर बग वेगळाच होता, पण त्या नादात केलेला फिक्स बरोबर निघाला. त्याला आकड्यांचा आधार मिळाला तो विसाव्या शतकात. हर्बर्ट हूवर अमेरिकेचा वाणिज्यमंत्री असताना, १९२३ साली, घरगुती प्लंबिंगच्या किमान नियमांचा अहवाल निघाला. त्यामागे वॉशिंग्टनच्या ब्यूरो ऑफ स्टँडर्ड्समध्ये रॉय हंटरने केलेले प्रयोग होते.

आता ही सगळी जुन्या लोकांची भीती म्हणून सोडून देता आली असती. पण २००३ साली हाँगकाँगच्या ॲमॉय गार्डन्स या तेहतीस मजली इमारतींच्या वसाहतीत सार्सची साथ आली. तीनशेहून जास्त रहिवासी आजारी पडले, ४२ गेले. चौकशीत काय निघालं? लोक बाथरूमची फरशी धुण्याऐवजी पुसत होते, त्यामुळे जमिनीवरच्या जाळीखालचे ट्रॅप कोरडे पडले होते. एक्झॉस्ट फॅन लावला की मलवाहिनीतले तुषार त्या वाटेने घरात खेचले जात. आणि सर्वांत जास्त रुग्ण निघालेल्या इमारतीचा व्हेंट पाइप तडकलेला होता. म्हणजे १८७१ मध्ये खोटी ठरलेली शंका एका वेगळ्या रोगाच्या बाबतीत खरी निघाली.

आपल्याकडे जुन्या इमारतींच्या मागच्या भिंतीवर पाहा. एक जाड पाइप संडासाचा, दुसरा मोरी-बाथरूमचा, आणि बऱ्याच ठिकाणी शेजारी तिसरा, बारीक. आमच्या सोसायटीत बिडाचे पाइप काढून पीव्हीसीचे टाकताना ठेकेदाराने तिसरा गाळला. "याच्यातून काही जातच नाही हो काका," असं तो सेक्रेटरींना म्हणाला. पाण्याच्या बाबतीत अगदी खरं होतं ते!

तर निदान असं करा. एकच बेसिन मंद असेल तर बहुतेक केस आणि साबण. तिथलाच वाक साफ करा. घरातली सगळीच मंद असतील तर मुख्य पाइप किंवा खालचं चेंबर पाहा. फ्लश केल्यावर बेसिन किंवा मोरी गुडगुडत असेल तर हवेची शंका घ्या. आणि वास येत असेल तर जाळीत तांब्याभर पाणी ओता. वास गेला आणि बऱ्याच दिवसांनी परत आला, तर पाणी वाळतंय. अधूनमधून ओतत राहा. वरच्यांनी पाणी सोडल्यावर लगेच परत आला, तर ते ओढलं जातंय. मग ॲसिड ओतून काही होणार नाही. गच्चीवर जाऊन बघा: पाइपाच्या तोंडात कबुतराचं घरटं आहे का, की वॉटरप्रूफिंगवाल्याने ते सिमेंटने बुजवलंय?

आणि पाइप बदलायचा ठराव सोसायटीच्या मीटिंगमध्ये आला, तर कोटेशनमध्ये तिसरा पाइप आहे ना, एवढं नक्की विचारा.